पडलेल्या झाडांपाशी जरा थांबा

या महिन्याच्या टपालात झाडशेतीचीच पत्रं जास्त आहेत. कुणाची झाडं वादळानं आडवी केली आहेत, कुणाला शेजाऱ्याला हात द्यायचा आहे पण नेमकं काय करावं ते सुचत नाही. नावं-गावं गाळून आणि मजकूर आटोपशीर करून त्यातली काही इथे घेते. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण इतरांच्याही मुळाशी आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. सासऱ्यांनी अठरा वर्षांपूर्वी दोन एकरांवर साग लावला होता. मागच्या आठवड्यातल्या वादळात निम्म्याहून जास्त झाडं गेली. काही मुळासकट उन्मळली, काही मधूनच मोडली, काही एकमेकांवर रेलून अर्धवट उभी आहेत. सासरे तिकडे फिरकायलाच तयार नाहीत. दुसऱ्याच दिवशी एक व्यापारी आला. "सगळं उक्त्यात द्या, परवा उचलतो, जागाही साफ करून देतो," म्हणाला. नवऱ्याचं मत देऊन टाकावं असं आहे, नाहीतर लाकूड सडेल म्हणतात. माझं मन होत नाही. किती थांबता येईल? आणि थांबून करायचं काय?

उत्तर : तुमचं मन मागे ओढतंय ते योग्यच आहे. आधी सडण्याची भीती बघू, कारण असा सौदा त्याच भीतीवर होतो. सागाचा गाभा मुळातच टिकाऊ. जुन्या काळी ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी बुंध्याभोवती गोल खाच पाडून झाड उभ्या उभ्या वाळू देत आणि दोन-तीन वर्षं तसंच ठेवत, कारण ओला साग नदीत तरंगत नाही. इतकी वर्षं वाळत उभं राहिलेलं ते लाकूड पुढे जहाजं बांधायला जायचं. तुमच्या अठरा वर्षांच्या झाडांत गाभा कमी आणि बाहेरचं पांढरं लाकूड जास्त असणार, त्या पांढऱ्या लाकडाला बुरशी आणि भुंगेरे लागतात हे खरं. पण म्हणून आठवड्याभरात माल फुकट जातो, असं मुळीच नाही.

सगळी पडलेली झाडं सारख्या वेगानं खराबही होत नाहीत. मुळासकट आडव्या झालेल्या झाडाची थोडी मुळं मातीत शाबूत राहिली, तर ते पडल्या जागी बरेच आठवडे ओलावा धरून असतं, त्याला पानंही फुटतात. मधून मोडलेलं झाड मात्र लवकर वाळायला लागतं, चिरतं, आणि मोडल्या जागेतून बुरशी आत जाते. म्हणून आधी मोडलेली काढायची, मग रेललेली, आणि मुळं धरून असलेली सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे सागाऐवजी पाइनसारखं फिकट लाकूड असतं तर मी एवढ्या निवांतपणे बोलले नसते. उष्ण दमट हवेत पाइनच्या लाकडाला काही आठवड्यांतच निळसर डाग पडतात. त्यानं मजबुती फारशी कमी होत नाही, पण भाव पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या कुणीही करवत घेऊन एकट्यानं त्या झाडांत शिरू नये. ८ जानेवारी २००५ च्या रात्री 'गुड्रुन' वादळानं स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड पाडलं, म्हणजे त्या देशाच्या जवळपास वर्षभराच्या तोडणीइतकं. प्रत्यक्ष वादळात जेवढी माणसं दगावली, त्यांहून जास्त नंतरच्या सफाईत दगावली. आणि जंगलात काम करायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या देशात हे झालं.

कारण पडलेलं झाड शांत दिसलं तरी शांत नसतं. दोन झाडांत अडकून वाकलेला बुंधा ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. चुकीच्या बाजूनं करवत लावली की तो फाकतो किंवा उसळून अंगावर येतो. उन्मळलेल्या झाडाचा मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिलेला असतो आणि त्याला तसा उभा धरून ठेवतं ते आडव्या बुंध्याचं वजन. बुंधा कापला की तो गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात मुलं खेळायला उतरतात, जनावरं सावलीला जातात. आजच जाऊन तिथे दोरी बांधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. रेललेल्या झाडांखालून वाट असेल तर ती बंद करा. विजेची तार कुठे गुंतली असेल तर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत त्या भागात पाऊल टाकू नका. कापायचं काम मोडक्या, ताणलेल्या झाडांचा सराव असलेल्या माणसालाच द्या. उभं झाड पाडता येणाऱ्या प्रत्येकाला हे जमतं असं नाही.

करवत लागेपर्यंत तुमच्या हातात जे काम आहे, ते नोंदीचं. शेताच्या चारही कोपऱ्यांतून दूरचे फोटो काढा, मग एकेका झाडाचे जवळून, शेजारी मोजपट्टी दिसेल असे. एका वहीत रकाने पाडा : मुळासकट पडलेली, मोडलेली, रेललेली, उभी. प्रत्येक झाडाला रंगानं क्रमांक द्या आणि बुडापासून १.३७ मीटरवर घेर मोजून लिहा. उभ्या झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर जिथे मोजतात तीच ही जागा, फक्त आता आडवी मोजायची. लागवडीच्या वेळची रोपांची बिलं, कर्जाचे किंवा अनुदानाचे कागद, जुने फोटो, हाती लागेल ते त्याच वहीत ठेवा. बँकेला, विमा असेल तर विमा कंपनीला आणि नुकसानीची नोंद घेणाऱ्या सरकारी कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पाहणी होण्याआधी माल हलवला, तर नंतर फक्त खुंट दाखवावे लागतात, आणि खुंट बघून नुकसान मान्य करून घेणं फार कठीण जातं.

मग सौदा. उक्त्यात देऊ नका, मोजून द्या. मी आयुष्यभर लाकूडमोजणीच्या कामात राहिले, त्यामुळे यावर थोडं सविस्तर लिहिते. वखारींत पूर्वापार चालत आलेली रीत अशी : ओंडक्याचा मधला घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. समजा घेर ८० सेंटिमीटर आणि लांबी ५ मीटर. चौथा भाग २० सेंटिमीटर, म्हणून ०.२ गुणिले ०.२ गुणिले ५, म्हणजे ०.२ घनमीटर. त्याच ओंडक्याचं खरं घनफळ ०.२५ घनमीटरहून थोडं जास्त भरतं. साधारण पाचव्या हिश्शाहून जास्त लाकूड या रीतीत मोजलंच जात नाही. साल आणि कापताना होणारी तूट यांच्यापोटी ती सूट धरलेली आहे, आणि सगळा बाजार त्याच मापावर चालत असेल तर तक्रार नाही. पण तुमच्याकडे येणारा माणूस चौथाई घेरानं मोजून वर पुन्हा सालीची वेगळी कपात मागतो का, तेवढं बघा. मागत असेल तर एकच सूट तो दोनदा घेतो आहे.

मोडलेल्या ओंडक्यातला फाटलेला तुकडा आधी वेगळा करवून घ्या. तसाच ठेवला, तर त्याच्या नावाखाली सगळ्या ओंडक्याचा भाव पाडला जातो. कमीत कमी तीन ठिकाणांहून भाव मागवा, त्यातलं एक ठिकाण तुमच्या भागाबाहेरचं असू द्या. तोडणी-वाहतुकीची परवानगी कुणी काढायची, गाडी तुमच्या बांधावरून गेली तर बांध कुणी दुरुस्त करायचा, पैसे केव्हा द्यायचे, हे सगळं कागदावर घ्या. माल गाडीत चढण्याआधी रक्कम हातात, हा माझा आग्रहच आहे.

तो व्यापारी वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. साफ केलेली जागा हीसुद्धा एक सेवा आहे आणि तिची किंमत असते. फक्त ती किंमत किती, हे वहीतले आकडे बघून तुम्ही ठरवा.

सासऱ्यांना ओढून नेऊ नका. अठरा वर्षं दररोज पाहिलेलं असं पडलेलं बघवत नाही, आणि ते न बघण्याचा त्यांना हक्क आहे. पण वही घरी आणली की त्यांच्यासमोर उघडा. कोणती ओळ आधी लावली, कुठे पाणी साचायचं, कुठली रोपं मेल्यावर बदलली, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. पुढच्या लागवडीसाठी ती माहिती लागणार आहे.

प्रश्न : आमच्या तरुणांच्या मंडळानं वादळग्रस्त झाडशेती असलेल्या शेतकऱ्यांना पाचशे रोपं भेट द्यायचं ठरवलं आहे. येत्या रविवारी जाऊन लावूनही देणार आहोत. कोणती रोपं न्यावीत?

उत्तर : या रविवारी एकही नेऊ नका. तुमचा हेतू चांगला आहे म्हणूनच स्पष्ट लिहिते. ज्याच्या शेतात अजून बुंधे आडवे पडले आहेत, त्याला रोप लावायला जागाच नाही, आणि लावलेलं रोप लाकूड ओढताना चिरडलं जाणार. शिवाय पुढची दोन-तीन वर्षं त्याला पाणी, राखण आणि निंदणी द्यायची जबाबदारी त्याच थकलेल्या घरावर पडते. रोपांचे पैसे राखून ठेवा, जागा मोकळी झाली की त्यांची खरी गरज पडेल.

रविवारी जा मात्र जरूर. जाताना मोजपट्ट्या, रंगाचे डबे, वह्या आणि चांगला कॅमेरा असलेले दोन-तीन फोन घेऊन जा. वरच्या उत्तरात नोंदीचं जे काम सांगितलं, ते एका माणसाला फार दिवस पुरतं आणि आठ-दहा जणांनी मिळून केलं तर लवकर उरकतं. रेललेल्या आणि ताणलेल्या झाडांपासून लांब राहून जेवढं मोजता येईल तेवढंच मोजा. उरलेलं 'दुरून पाहिलं' अशी नोंद करून सोडून द्या. तुमच्यातला कुणी अर्ज लिहायला बसू दे, कुणी कार्यालयात सोबत जाऊ दे. घरापर्यंतची आणि गोठ्यापर्यंतची वाट हातानं उचलता येणाऱ्या फांद्यांनी अडली असेल तर ती मोकळी करा. यांत्रिक करवती नेऊ नका.

आणखी एक. पीक गेलेल्या शेतकऱ्याला पुढचा हंगाम दिसत असतो. झाडं गेलेल्याची दहा, पंधरा, वीस वर्षं एका रात्रीत गेलेली असतात, आणि ती बहुधा मुलीच्या शिक्षणासाठी किंवा म्हातारपणासाठी राखून ठेवलेली असतात. असा माणूस बरेचदा गप्प होतो. चार तास काम करून फोटो काढून परत येऊ नका. महिन्यानं पुन्हा जा, तीन महिन्यांनी पुन्हा जा. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. लाकूड विकलं जात नाही, हप्ता थकतो आणि नंतर येणारं कुणी उरत नाही, तो काळ जास्त कठीण असतो. त्यांच्या बोलण्यात जगण्याचाच कंटाळा दिसला, तर ते हलक्यात घेऊ नका. त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांपर्यंत न्या.

प्रश्न : माझी पाच वर्षांची झाडं एका बाजूला झुकली आहेत, बांधाकडची मोठी झाडं उभी आहेत पण त्यांच्या फांद्या गेल्या. झुकलेली दोर लावून सरळ करावीत का? शेजारी म्हणतो उभी राहिलेली पण काढून टाक, पुढच्या वादळात तीही पडणारच.

उत्तर : वर्ष-दोन वर्षांचं रोप जमीन ओली असतानाच हळूच सरळ करून, माती दाबून, आधार दिला तर सावरतं. पाच वर्षांच्या झाडाच्या एका बाजूची मुळं तुटलेली असतात. ओढून उभं केलंत तर दुसऱ्या बाजूचीही तुटतात. फार झुकली नसतील तर राहू द्या, शेंडा आपोआप वर वळेल. बुंधा कायमचा वाकडा राहील आणि त्या वाकात तयार होणारं लाकूड कापल्यावर पिळतं, त्यामुळे फळ्यांसाठी ती धरू नका, बल्ल्यांसाठी किंवा सरपणासाठी धरा. ४५ अंशांहून जास्त झुकलेली मात्र काढायच्या यादीत घाला.

बांधाकडच्या उभ्या झाडांना हात लावू नका. काठावरच्या झाडांनी वर्षानुवर्षं वारा सोसलेला असतो, त्यांची मुळं आणि बुंधे त्या हिशेबानं घडलेले असतात. ती काढलीत तर आतली, वाऱ्याची सवय नसलेली झाडं उघडी पडतील. साधारण निम्म्याहून जास्त पानोरा शिल्लक असेल, तर बहुतेक झाडं सावरतात. बुंध्यावर एकदा नीट नजर फिरवा : वारा ज्या दिशेनं गेला, त्या बाजूच्या सालीवर आडवी सुरकुती किंवा फुगवटा दिसला तर आतले तंतू चेपून तुटलेले असू शकतात. असं झाड उभं असलं तरी त्याची तुळई करू नका. बाकीच्यांना एक-दोन हंगाम द्या. विरळणीही आता नको, कारण विरळणीनंतरची पहिली काही वर्षं झाडं वाऱ्यासमोर सगळ्यात कमकुवत असतात.

प्रश्न : आमच्या शेतकरी गटात मदतनिधी जमला आहे. चौतीस सभासदांची झाडं पडली. सगळ्यांना सारखी रक्कम वाटावी, म्हणजे कुणाची तक्रार राहणार नाही, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. मी समितीवर आहे. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं हेही मांडता येत नाही.

उत्तर : मला वाटतं तुम्हाला जे मांडता येत नाही ते हे आहे : या शेतकऱ्यांकडे माल आहे, फक्त थांबायची ताकद नाही. सारख्या वाटपातून प्रत्येकाच्या वाट्याला थोडीशी रक्कम येईल, ती उधारी भागवण्यात जाईल आणि लाकूड तरीही पहिल्या आठवड्यातल्या पडेल भावानं जाईल. तोच पैसा त्यांना थांबता यावं यासाठी लावला, तर तो कितीतरी पट कामाला येतो.

मोठ्या वादळानंतर भाव का पडतो, ते एका उदाहरणानं सांगते. १९९९ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 'लोथार' आणि 'मार्टिन' ही वादळं लागोपाठ आली आणि फ्रान्समध्ये सुमारे तीन वर्षांच्या तोडणीइतकं लाकूड आडवं झालं. सॉमिल तेवढ्याच, गाड्या तेवढ्याच, करवती चालवणारे हात तेवढेच, आणि माल तिप्पट. भाव कोसळला. पुढे पडलेला माल संपतो आणि उभी झाडं कमी झालेली असतात, तेव्हा चांगल्या लाकडाची टंचाई होऊ शकते. तोवर ज्याला कळ काढता येते, त्याचं बरंच वाचतं.

गुड्रुननंतर स्वीडननं लाकूड थोपवून धरायची सोय केली. ठिकठिकाणी ओंडक्यांचे मोठे ढीग रचून त्यांवर फवाऱ्यांनी सतत पाणी मारत ठेवलं. ब्युहोल्मा इथल्या जुन्या धावपट्टीवरचा साठा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी मानला जायचा. लाकूड पाण्यानं पूर्ण भिजलेलं राहिलं की आत हवा राहत नाही, आणि हवेशिवाय बुरशी आणि किडे वाढत नाहीत. ताजं, न फाटलेलं लाकूड असं काही वर्षं टिकतं. सरकारनं करात सवलत आणि पुन्हा लागवडीला मदतही दिली. तरीही स्प्रूस या तिथल्या सूचिपर्णी झाडाचं जे लाकूड वेळेत जंगलाबाहेर निघालं नाही, त्याच्या सालीखाली भुंगेरे वाढले आणि पुढच्या वर्षांत त्यांनी उभी झाडं मारली. इटलीच्या उत्तर भागात २०१८ च्या 'वाया' वादळानंतरही असंच झालं. पडलेलं लाकूड थांबू शकतं, पण कोणतं, कुठे आणि किती काळ, हे त्याच्या जातीवर ठरतं. म्हणून साठवणीचं ठरवण्याआधी तुमच्या सभासदांकडे कोणत्या जातीचं किती लाकूड आहे, याची एकत्र यादी करा.

तुमच्या गटाला धावपट्टी नको आणि बहुधा फवारेही परवडणार नाहीत. उंचवट्यावरची, गाडी पोहोचेल अशी, सावलीची एखादी जागा भाड्यानं घ्या. ओंडके जमिनीला टेकू न देता आडव्या बल्ल्यांवर, हवा खेळेल असे रचा. दोन्ही टोकांना रंग किंवा मेण लावा, म्हणजे टोकाकडून चिरा जाणार नाहीत. सालीखाली किडे होणाऱ्या जातींची साल सोलून घ्या. प्रत्येक ओंडक्यावर मालकाचा क्रमांक घाला.

निधीतून पहिली रक्कम या वखारीला आणि सराव असलेल्या करवतवाल्यांच्या एका टोळीला द्या. ती टोळी चौतीस जणांकडे ओळीनं जाईल, आणि ज्यांच्या घराची किंवा विहिरीची वाट अडली आहे त्यांच्याकडे आधी. दुसरी रक्कम उचल म्हणून द्या : लाकूड वखारीत आलं की अंदाजे किमतीचा काही भाग सभासदाला लगेच मिळेल, विक्री झाली की तो वळता होईल. परत आलेला पैसा पुढच्याच्या उपयोगी पडेल. विक्री एकत्र, जाहीर बोली लावून करा. एकेकट्याचे दहा ओंडके उचलायला लांबचा खरेदीदार येणार नाही, पण प्रतवारी करून रचलेल्या शंभर घनमीटरसाठी नक्की येईल.

थोडा भाग मात्र परतफेडीच्या अटीशिवाय राखून ठेवा. ज्यांची झाडं अगदी लहान होती, म्हणजे पडलेल्यातून विकण्याजोगं काहीच निघत नाही, त्यांना उचल देऊन उपयोग नाही. बहुतेक मदतयोजनांत हाच माणूस राहून जातो, कारण त्याचं नुकसान घनमीटरमध्ये दिसत नाही. हेक्टरी ठरावीक रकमेच्या हिशेबातही झाडांचं नुकसान नीट बसत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर नारळ-सुपारीसाठी झाडागणिक भरपाईचा निर्णय घ्यावा लागला, तो त्यामुळेच. तुमचा गट सरकारकडे निवेदन देणार असेल तर झाडांची संख्या आणि वय यांवर भरपाई मागा. त्याबरोबरच पडलेल्या झाडांच्या तोडणी-वाहतुकीला झटपट परवानगी, झाडं उभी असतील तोवर मिळायचं ते अनुदान मध्येच थांबू नये, आणि कर्जाच्या हप्त्यांना मुदतवाढ, या तीन गोष्टी ठामपणे लिहा. आयर्लंडमध्ये २४ जानेवारी २०२५ च्या 'एओविन' वादळात २४ हजारांहून अधिक हेक्टर जंगल पडलं. त्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर लावलेल्या झाडांचाही मोठा वाटा होता. मोठ्या वनसंस्थेची झाडं अनेक ठिकाणी आणि वेगवेगळ्या वयांची असतात. शेतकऱ्याची बहुधा एका जागी आणि एकाच वयाची, त्यामुळे गेली की सगळी एकदम जातात. निवेदनात हा फरक आवर्जून मांडा.

तक्रार राहणार नाही असं वाटप नसतंच. नियम आधी लिहून सगळ्यांसमोर वाचा आणि दर महिन्याला हिशेब फळ्यावर लावा.

प्रश्न : मी एकाहत्तर वर्षांचा आहे. माझा साग बहुतेक मधून मोडला. मुलं म्हणतात, बाबा, आता पुन्हा झाडं नकोत. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : काका, हा निर्णय या वर्षी घ्यायची गरज नाही, आणि तुमच्या बाबतीत तर झाडं स्वतःच थोडं काम करणार आहेत. तुमची झाडं उन्मळलेली नाहीत, मोडलेली आहेत. म्हणजे मुळं जागेवर आहेत, आणि सागाच्या खुंटाला फुटवे जोमानं येतात. तयार मुळांवर वाढत असल्यामुळे ते पहिल्या काही वर्षांत नव्या रोपाला सहज मागे टाकतात. रोपं आणायचा, खड्डे खणायचा, पाणी घालायचा खर्च वाचतो, आणि मुलांच्या हरकतीतला मोठा भाग बहुधा त्याच खर्चाचा असेल.

मोडकं खोड तसंच ठेवू नका. वाढीचा हंगाम सुरू होण्याआधी जमिनीपासून वीतभराच्या आत, धारदार करवतीनं, थोडा उतार ठेवून कापून घ्या म्हणजे वर पाणी साचणार नाही आणि साल सुटणार नाही. उंच खुंट ठेवलात तर फुटवे वर येतात आणि वाऱ्यानं सांध्यातून निखळतात. जमिनीलगत आलेले घट्ट धरतात. पहिलं वर्ष सगळे वाढू द्या. दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर एक, फार तर दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढा. गुरं मात्र तोवर आत जाऊ देऊ नका.

जिथे खुंट फुटणार नाही, तिथल्या मोकळ्या जागी सगळीकडे पुन्हा सागच लावायचा आग्रह धरू नका. वाऱ्याच्या बाजूला बांबूची ओळ आणि मधल्या जागेत पाच-सात वर्षांत हाती येणारी एखादी जात घेतली, तर पुढच्या वादळात सगळं एका वयाचं सापडणार नाही आणि घरात मधूनमधून पैसाही येत राहील. अंतर थोडं सैल ठेवा. दाटीत वाढलेली झाडं उंच आणि बारीक होतात. झाडाची उंची छातीच्या उंचीवरच्या जाडीच्या (घेराच्या नव्हे, व्यासाच्या) ऐंशीपटीच्या पुढे गेली की ती वाऱ्याला लवकर मोडतात. तुमची मोडलेली झाडं मोजून बघा, बहुतेक त्यातलीच निघतील. मुलांना त्या मोजणीला सोबत घ्या, आणि फुटव्यांचं पहिलं वर्ष बघून मग लागवडीचं बोला. खुंट कसे फुटले ते मला जरूर कळवा.